एका रानफुलावरील शेरे

१९५९ साली अमेरिकेतील अलाबामा राज्याच्या विधिमंडळाने एका फुलास पदच्युत केले. बत्तीस वर्षे ते फूल त्या राज्याचे अधिकृत राज्यपुष्प म्हणून मिरवत होते. १९२७ साली याच विधिमंडळाने त्याची त्या पदावर स्थापना केली होती. पुढे बटलर काउंटी नावाच्या परगण्यातील काही स्त्रियांनी आक्षेप घेतला, की हे फूल रानटी आहे, ते तण आहे, राज्याचे मानचिन्ह होण्यास ते पात्र नाही. आणि विधिमंडळाने तो मान्य करून कॅमेलिया या फुलास ते पद दिले. कॅमेलिया दिसावयास देखणी खरीच. परंतु तिचे मूळ घर चीन-जपानकडे. ज्या मातीत राज्य उभे होते त्या मातीतल्या फुलाला तण ठरवून दूरदेशीच्या पाहुणीस गादीवर बसविण्याचा हा प्रकार होता, आणि तो अगदी रीतसर, कायदा करून पार पडला.

या फुलाचे इंग्रजी नाव गोल्डनरॉड, म्हणजे सोन्याची काठी. मराठीत त्यास रूढ नाव नाही आणि असण्याचे कारणही नाही. कारण त्याच्या शंभराहून अधिक जातींपैकी बहुतेक सगळ्या उत्तर अमेरिकेच्या रहिवासी आहेत. एक जात मात्र युरोपपासून आशियापर्यंत पसरली असून काश्मीरपासून पूर्वेकडे हिमालयाच्या थंड उतारांवरही ती आढळते. अलीकडे आपल्याकडील मोठ्या शहरांच्या फुलबाजारात पुष्पगुच्छांची पोकळी भरून काढण्यासाठी पिवळ्या बारीक तुऱ्यांच्या ज्या काड्या गुलाबांभोवती खोचतात, त्या याच कुळीच्या. त्यांची लागवड आता आपल्या देशातही होते. कमरेएवढे, कधी पुरुषभर उंच असे ताठ दांडे, अरुंद पाने, आणि शेंड्यास पिसाऱ्याप्रमाणे एका अंगास झुकलेला पिवळा तुरा, असे त्याचे रूप. पावसाळा सरत असता सह्याद्रीच्या पठारांवर सोनकी फुलते, ती ज्यांनी पाहिली आहे, त्यांस या रंगाची कल्पना सांगावयास नको. सोनकी काही गोल्डनरॉड नव्हे; पण दोघीही सूर्यफुलाच्या विशाल कुळातल्या, म्हणजे लांबच्या का होईना, नात्यातल्या.

आम्ही पडलो सरकारी कारकून. कोणतीही फाईल हाती आली, की प्रथम नजर जाते ती तीवरील शेऱ्यांकडे. एखाद्या साहेबाने पंधरा-वीस वर्षांपूर्वी घाईत एक ओळ लिहिलेली असते. पुढचा ती उतरून घेतो, त्याच्या पुढचा तिचा हवाला देतो, आणि मूळ कागद कोणी पाहिला होता की नाही, हे विचारण्यास कोणी उरत नाही. गोल्डनरॉडचा चारशे वर्षांचा इतिहास वाचताना आम्हांस अशाच एका जाडजूड फायलीची आठवण वारंवार झाली. तीत स्तुतीचे शेरे आहेत, निंदेचे आहेत, आणि एक तर चक्क दुसऱ्याच आरोपीच्या नावचा आहे.

पहिला शेरा स्तुतीचा. युरोपातील जात जखमा भरून काढण्यास उत्तम, अशी तिची जुनी ख्याती. स्वीडनचे वनस्पतिशास्त्रज्ञ लिनीअस यांनी १७५३ साली वनस्पतींना शास्त्रीय नावे देताना या गणास ‘सोलिडॅगो’ असे नाव कायम केले, त्याच्या मुळाशी ‘सांधणे, अखंड करणे’ हाच लॅटिन अर्थ आहे. परंतु ख्याती आणि किंमत यांचा एक मजेदार किस्सा त्याहून आधीचा आहे. जॉन जेरार्ड या इंग्रज वैद्य-माळ्याने १५९७ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या वनस्पतिकोशात तो नमूद केला आहे. त्याच्या आठवणीत, समुद्रापलीकडून वाळवून आणलेली ही वनस्पती लंडनच्या बकलर्सबरी पेठेत औंसाला अर्धा क्राउन या दराने विकली जाई. पुढे हीच वनस्पती लंडनच्या वेशीवर, हॅम्पस्टेडच्या रानात उगवलेली आढळली. झाले! मग शंभर पौंडांच्या गठ्ठ्यासही कोणी तेवढे पैसे देईना. जेरार्ड या गोष्टीवर बराच चिडलेला दिसतो. वनस्पती तीच, गुण तोच; बदलले ते एवढेच, की ती घरालगत सापडली. अलाबामातील स्त्रियांच्या आधी साडेतीनशे वर्षे लंडनकरांनीही तोच न्याय केला होता.

सतराव्या शतकात अमेरिकेकडील गोल्डनरॉड जहाजांतून युरोपात आले, आणि तेथे ते परदेशी म्हणून बागेत सन्मानाने लावले गेले. विल्यम रॉबिन्सन या बागवान लेखकाने १८७० साली कातरलेल्या, आखीव बागांविरुद्ध बंड पुकारणारे ‘द वाइल्ड गार्डन’ हे पुस्तक लिहिले, तेव्हा अमेरिकेच्या शरद ऋतूतील ही फुले त्याच्या आवडत्या उदाहरणांपैकी होती. विसाव्या शतकात युरोपातील बागवानांनी त्यांचे ठेंगणे, आटोपशीर संकर तयार केले. पुढे अमेरिकेतील हौशी लोक आपल्याच बांधावरच्या फुलाचे हे युरोपीय संस्कार झालेले वाण पैसे मोजून परत घेऊ लागले. यावर टीका करण्याचा अधिकार आम्हां भारतीयांस आहे असे नाही. आपल्या हळदीची आणि योगासनांची हकीकतही फारशी वेगळी नाही.

खुद्द अमेरिकेत मात्र या फुलाचे दिवस चढउताराचे गेले. तेथील आदिवासी जमाती त्याचा औषधासाठी उपयोग करीत. १७७३ साली बॉस्टनच्या बंदरात चहाच्या पेट्या बुडविल्यानंतर इंग्रजी चहाशी असहकार करणाऱ्यांनी ज्या रानपाल्यांचा काढा ‘स्वातंत्र्याचा चहा’ म्हणून घेतला, त्यांत बडीशेपेच्या वासाची एक गोल्डनरॉडही होती. परंतु शेतकऱ्याच्या दृष्टीने ही वनस्पती अपयशाची खूण होती. एकोणिसाव्या शतकात न्यू इंग्लंडमधील खडकाळ शेते सोडून लोक पश्चिमेकडील सुपीक जमिनींकडे आणि गिरण्यांकडे गेले. नांगर थांबला, की दोन-चार वर्षांत त्या शेतात पिवळे तुरे डोलू लागत. जमिनीखालून आडवी खोडे पसरवीत एकेक झाड आपला विस्तार करी. ज्याने शेत सोडले त्यास हा रंग सुंदर वाटणे कठीणच. ‘तण’ हा शेरा बहुधा या पडीक शेतांतून उचलला गेला असावा, असे आमचे मत आहे.

आता तो दुसऱ्याच्या नावचा शेरा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेच्या पूर्वभागातील सुखवस्तू मंडळींना दरवर्षी ऑगस्टच्या अखेरीस एक विलक्षण व्याधी ग्रासू लागली. डोळे चुरचुरणे, शिंकांची सर, नाक वाहणे, दम लागणे. आणि पहिले धुके-हिम पडताच सगळे नाहीसे. ज्यांना परवडे ते या काळात न्यू हॅम्पशरच्या डोंगरांत पळ काढीत. १८७४ साली तेथील बेथलेहेम या गावी या पीडितांनी आपला राष्ट्रीय संघच स्थापन केला! या मंडळींनी सभोवार पाहिले, तेव्हा त्याच पंधरवड्यात, रस्त्याच्या दोन्ही बाजूंस, डोळ्यांत भरेल असे काय फुललेले होते? गोल्डनरॉड. आरोप निश्चित झाला.

वास्तविक खरा अपराधी तेव्हाच सापडला होता. केंब्रिज (मॅसॅच्युसेट्स) येथील डॉक्टर मॉरिल वायमन हे स्वतः या व्याधीचे जन्माचे रोगी होते. त्यांनी रॅगवीड नावाच्या, फुलते केव्हा हे कळूही न देणाऱ्या, हिरवट तणाचे पुडके डोंगरातील आपल्या आश्रयस्थानी मागवून घेतले. तेथे एरवी त्यांस काही त्रास नसे. पुडके उघडून त्यांनी आणि त्यांच्या मुलाने ते हुंगले मात्र, दोघांसही शिंकांनी घेरले. १८७२ साली त्यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले. पुढच्याच वर्षी इंग्लंडमध्ये चार्ल्स ब्लॅक्ली यांनी स्वतःवर केलेले प्रयोग प्रसिद्ध करून गवताच्या परागकणांनी ही व्याधी कशी होते ते दाखविले.

कारणही सरळ आहे. रॅगवीड आपले परागकण वाऱ्यावर सोडते. वाऱ्यावर भिस्त असल्यामुळे ते कोट्यवधी कण उधळते. ते हलके, कोरडे असतात आणि कोसच्या कोस तरंगत जाऊन माणसाच्या नाकात शिरतात. त्यास रंगीत पाकळ्यांची गरज नाही, कारण वाऱ्याला डोळे नसतात. गोल्डनरॉडचे उलटे. त्याचे परागकण जड व चिकट, ते वाऱ्याने उडत नाहीत. त्यांस वाहून नेण्यासाठी माशी, भुंगा, फुलपाखरू यांस बोलवावे लागते, आणि त्यासाठीच तो सोनेरी तुरा. म्हणजे ज्या रंगामुळे त्याच्यावर संशय आला, तोच रंग त्याच्या निर्दोषपणाचा पुरावा होता. या रॅगवीडचे एक जवळचे नातलग आपल्या वाचकांच्या पूर्ण परिचयाचे आहे: १९५५ च्या सुमारास पुण्यात प्रथम नजरेस आलेले आणि नंतर देशभर पसरलेले गाजरगवत. त्याची फुले पांढरी, तांदळाच्या कण्यांएवढी. त्यांच्याकडेही सहसा कोणी पाहत नाही.

वायमन यांचे पुस्तक निघून दीडशे वर्षे झाली. तरीही ‘गोल्डनरॉडने शिंका येतात’ हा समज अमेरिकेत अजून जिवंत आहे, इतका की रोपवाटिकांना त्याचे खंडन आपल्या माहितीपत्रकांतून आजही करावे लागते. डॉक्टरांचे प्रमाणपत्र फायलीत लावलेले आहे. पण वरचा शेरा कोणी खोडला नाही.

एवढी निंदा होत असता याच फुलावर लोकांचे प्रेमही होते, हे नमूद केले पाहिजे. १८८९ साली बॉस्टनच्या लुई प्रँग या प्रकाशकाने राष्ट्रीय पुष्प कोणते असावे यावर जनतेची मते मागविली, त्यांत गोल्डनरॉड मोठ्या फरकाने पहिले आले. नेब्रास्काने १८९५ मध्ये आणि केंटकीने १९२६ मध्ये ते राज्यपुष्प म्हणून स्वीकारले व अद्याप राखले आहे. राष्ट्राचा निर्णय मात्र थेट १९८६ साली लागला, आणि तो गुलाबाच्या बाजूने.

अलाबामाने त्यास गादीवर बसविले ते वर्ष १९२७. त्याच वर्षी फ्लॉरिडात या फुलाच्या आयुष्यातील सर्वांत चमत्कारिक प्रकरण सुरू झाले. थॉमस एडिसन तेव्हा ऐंशी वर्षांचे होते. १९२२ पासून इंग्रजांनी मलाया व सिलोनमधील रबराच्या निर्यातीवर मर्यादा घालून भाव चढविले होते, आणि अमेरिकेच्या मोटारी इंग्रजांच्या रबरावर धावत होत्या. (त्या मळ्यांतील रबराची झाडे तरी कोठली? हेन्री विकहॅम या इंग्रजाने १८७६ साली ब्राझीलमधून बी नेले, ते लंडनच्या क्यू बागेत रुजवून सिलोन-मलायाकडे रवाना झाले, त्याची ही संतती.) मोटारींचे हेन्री फोर्ड, टायरचे हार्वी फायरस्टोन आणि विजेचे एडिसन या तिघा स्नेह्यांनी भांडवल घालून एक वनस्पतिसंशोधन संस्था काढली. प्रश्न असा होता: अमेरिकेच्याच मातीत, एका हंगामात पेरून यंत्राने कापता येईल, अशा कोणत्या वनस्पतीत रबर आहे?

एडिसन यांची पद्धत सर्वांस ठाऊक आहे. दिव्याच्या तारेसाठी त्यांनी सापडेल तो धागा जाळून पाहिला होता. येथेही माणसे रेल्वेमार्गांच्या कडेने, दलदलीतून, माळांवरून हिंडली आणि त्यांनी सतरा हजारांच्या आसपास नमुने गोळा केले. प्रत्येकावर क्रमांक, प्रत्येकाचे पृथक्करण, प्रत्येकाची नोंद. आम्हां कारकुनांस या नोंदवह्यांचे जे कौतुक वाटते, ते दिव्याचेही वाटत नाही. या साऱ्या चाळणीतून अखेरीस उरली ती दक्षिणेकडील गोल्डनरॉडची एक जात. तिच्या पानांत रबर होते. फोर्ट मायर्स येथील आपल्या बागेत एडिसन यांनी निवड आणि संकर करीत तिला बारा फुटांपर्यंत उंच केले आणि रबराचे प्रमाण सुमारे बारा टक्क्यांवर नेले. १८ ऑक्टोबर १९३१ रोजी ते वारले. काम सरकारच्या कृषिखात्याकडे गेले. हे रबर झाडाच्या रबराइतके चिवट नव्हते. आणि पुढील महायुद्धात मलाया जपानच्या हाती गेल्यावर अमेरिकेला जे तारले, ते कारखान्यातील कृत्रिम रबराने. गोल्डनरॉडची ही उमेदवारी तेथेच संपली. तथापि ज्या काळात कोणी त्यास तण म्हणत होते, त्याच काळात जगातील तीन श्रीमंत व चतुर माणसे त्याच्या पानांत साम्राज्याशी टक्कर देण्याचे साधन शोधीत होती, ही गोष्ट विसरण्याजोगी नाही.

परंतु माणसाच्या उपयोगाचा हा सारा हिशेब बाजूस ठेवला, तरी या वनस्पतीकडे एक वेगळे खाते चालू होतेच, आणि त्यातील खातेदार माणसे नव्हती. उत्तर अमेरिकेत सप्टेंबर-ऑक्टोबर हा वर्षाचा शेवटचा भरणा. उन्हाळी फुले संपलेली असतात, थंडी दाराशी असते. गांधीलमाश्यांसारख्या केसाळ, मोठ्या भुंगमाश्यांच्या वसाहतीत या सुमारास नव्या राण्या जन्मतात. उरलेली वसाहत थंडीत मरते, आणि जमिनीत एकटी झोपून वसंतापर्यंत तग धरावयाची असते ती या राणीने. तिची शिदोरी गोल्डनरॉड आणि त्यांच्या शेजारी फुलणारी जांभळी अ‍ॅस्टर फुले यांवर भरते. काही स्थानिक एकाट मधमाश्या तर आपल्या पिलांसाठी केवळ याच दोन गोतांतील फुलांचा पराग गोळा करतात. फुले नसली तर त्यांस दुसरे दार नाही. पोळ्यात राहणारी मधमाशी ही अमेरिकेस परकीय, ती १६२२ साली व्हर्जिनियात युरोपातून आली. पण तिचाही हिवाळ्याचा साठा याच फुलांवर होतो. त्या दिवसांत पेट्यांना न धुतलेल्या मोज्यांसारखा वास सुटतो, असे मधपाळ सांगतात. मध मात्र चवीला चांगला असतो म्हणे.

मोनार्क फुलपाखराची गोष्ट आणखी नाट्यमय आहे. त्याचे सुरवंट आपल्या रुईच्या कुळातील झाडांवर वाढतात. शरदात हजारो किलोमीटरचा प्रवास करून ही फुलपाखरे दक्षिणेकडे जातात. कोठे जातात, हे शास्त्रज्ञांस २ जानेवारी १९७५ रोजी मेक्सिकोतील एका डोंगरावरील झाडे त्यांनी लगडलेली दिसेपर्यंत कळले नव्हते. एवढ्या वाटेवर त्यांची खानावळ म्हणजे रस्त्याकडेची ही पिवळी फुले.

आणि ही खानावळ विसाव्या शतकात बंद होत होती. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत उपनगरे पसरली, आणि प्रत्येक घरापुढे कातरलेली हिरवळ हा सभ्यतेचा दाखला झाला. नगरपालिकांनी ‘तण-नियम’ केले: अमुक इंचांहून उंच काही वाढले, तर दंड. मिलवॉकी शहरालगतच्या बेसाइड या गावी लॉरी ऑटो नावाची एक शिक्षिका राहत असे. तिने आपल्या अंगणातील हिरवळ काढून तेथे त्या प्रदेशातील नेचे, अ‍ॅस्टर, गोल्डनरॉड अशा वनस्पतींस थारा दिला. गावच्या अधिकाऱ्यांनी त्यातील नेच्यांचा भाग तण समजून कापून टाकला. बाई गप्प बसल्या नाहीत. त्यांनी गावाकडून भरपाई वसूल केली. याच बाईंनी पुढे अंगणात मरून पडणारे पक्षी पाहून डीडीटीविरुद्ध लढा उभारला, आणि १९७० साली विस्कॉन्सिन राज्याने त्या औषधावर बंदी घातली. त्यांच्या प्रेरणेने सत्तरच्या दशकाच्या अखेरीस मिलवॉकीत देशी वनस्पतींच्या बागवानांचा ‘वाइल्ड वन्स’ हा संघ निघाला. तो आज अनेक राज्यांत पसरला आहे. त्याच राज्यातील न्यू बर्लिन गावी एका वन्यजीवतज्ज्ञावर न कापलेल्या अंगणाबद्दल खटला झाला. १९७६ साली न्यायालयाने आग, उंदीर, परागकण या तक्रारींत तथ्य नाही असे पाहून गावचा नियमच रद्द ठरविला. शिंकांचा तो जुना आरोप अशा रीतीने एकदाचा न्यायासनापुढे येऊन फेटाळला गेला.

त्यानंतर वारे फिरले. १९८२ मध्ये भूतपूर्व राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी लेडी बर्ड जॉन्सन यांनी टेक्ससमध्ये रानफुलांच्या संशोधनासाठी केंद्र स्थापन केले. २००६-०७ च्या हिवाळ्यात मधमाश्यांची पोळी एकाएकी ओस पडू लागली, तेव्हा परागवाहक कीटक हा विषय वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर आला. २००७ साली डेलावेअर विद्यापीठाचे कीटकशास्त्रज्ञ डग्लस टॅलमी यांनी एक पुस्तक लिहून सामान्य गृहस्थास समजेल असा हिशेब मांडला: पक्ष्यांच्या पिलांस सुरवंट हवेत, सुरवंट परदेशी झुडपांवर फारसे जगत नाहीत, आणि ठेंगण्या फुलझाडांत ज्यावर सर्वाधिक, शंभराहून अधिक जातींचे सुरवंट पोसतात, ते गोल्डनरॉड. बागेच्या शोभेखेरीज बागेचे काही कर्तव्यही असते, हा विचार तेथून रुजला.

मात्र बागेत त्याला बोलवावयाचे, तर कोणाला बोलवितो ते पाहावे लागते. कॅनडाचे म्हणून प्रसिद्ध असलेले उंच गोल्डनरॉड लहान अंगणात लावणे म्हणजे उंटाला तंबूत घेणे. जमिनीखालच्या खोडांनी ते दोन-तीन वर्षांत शेजाऱ्यांस हुसकावते. म्हणून जाणते बागवान झुबक्याने राहणाऱ्या जाती निवडतात: उन्हात ताठ पानांची ‘रिजिडा’ किंवा भरघोस तुऱ्याची ‘स्पेसिओसा’, झाडांच्या सावलीत निळसर दांड्याची ‘सेसिया’, समुद्रकाठच्या वाळूत ‘सेम्परव्हायरन्स’. खत घातले तर ती माजतात आणि आडवी पडतात. रोड, निचऱ्याच्या जमिनीत ती अधिक शोभतात. जूनमध्ये शेंडे खुडले, तर उंची आवरते आणि फांद्या फुटतात. दर दोन-तीन वसंतांनी झुबके फोडून वेगळे करावे. भूदृश्यरचनेच्या अभ्यासक जोन नॅसॉअर यांनी १९९५ साली एक व्यवहारी गोष्ट सांगितली: रानटी वाटणाऱ्या ताटव्याभोवती कापलेल्या गवताची एक पट्टी किंवा कुंपण ठेवा, म्हणजे येथे कोणी लक्ष देत आहे हे शेजाऱ्यास कळते आणि तक्रार येत नाही. ही युक्ती आम्हांस फार पटली. कचेरीतही फाईल नीट बांधलेली असली, की आत काय आहे ते सहसा कोणी पाहत नाही.

येथे दुसरी बाजू न सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. कॅनडाचे हेच गोल्डनरॉड १९३५ साली शोभेसाठी चीनमध्ये नेले गेले, आणि आज शांघाय व आसपासच्या प्रांतांत ते उपटून काढण्यासाठी मोहिमा निघतात. जपानात त्याचा भाऊबंद रेल्वेमार्गांच्या कडेने पसरला. मध्य युरोपात नदीकाठची कुरणे त्याने व्यापली. मुळांतून ते असे द्रव्य सोडते, की इतर रोपे खुरटतात. घरी या शस्त्राला तोंड देणारे शेकडो कीटक आणि शेजारी आहेत, परदेशी ते नाहीत. म्हणून ‘देशी’ हा गुण झाडाचा नव्हे, झाड आणि जागा या दोहोंच्या नात्याचा आहे. आपल्या फुलबाजारातील पिवळ्या काड्या पुष्पगुच्छात असेपर्यंत ठीक. पण ज्या कोणास सह्याद्रीच्या पायथ्याशी मधमाश्यांसाठी पिवळा ताटवा हवा असेल, त्याने परसात सोनकीचे बी टाकावे, गोल्डनरॉडचे नव्हे. हिमालयात ज्यांचे घर असेल त्यांस तेथली देशी जात आहेच.

आता या फायलीतील सर्वांत अलीकडचा कागद. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात कॅनडाच्या गोल्डनरॉडचे १८४२ पासूनचे नमुने जाड कागदांवर चिकटवून, तारीख-ठिकाण लिहून ठेवलेले आहेत. ते जमविणाऱ्यांचा हेतू एवढाच, की जात ओळखता यावी. लुइस झिस्का आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या कागदांवरील तुऱ्यांतून परागाचे कण काढून त्यांतील प्रथिनांचे प्रमाण मोजले, आणि २०१६ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. १८४२ पासून २०१४ पर्यंत हवेतील कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण दहा लाखांत सुमारे २८० भागांवरून ३९८ भागांवर गेले. आणि तेवढ्याच काळात या परागातील प्रथिन जवळजवळ एक-तृतीयांशाने घटले. केवळ जुन्या वाळलेल्या नमुन्यांचा हा दोष नव्हे, हे पाहण्यासाठी त्यांनी आज जिवंत झाडे कमी-अधिक कार्बन डायऑक्साइडमध्ये वाढवून पाहिली. तेथेही वायू वाढला तसे प्रथिन उतरले.

म्हणजे तुरा तितकाच सोनेरी आहे, माश्या तितक्याच येतात, आणि शिदोरीत अन्न कमी आहे. येथे कोणी झाड कापले नाही, कोणी तण म्हटले नाही. बाग कितीही नीट लावली तरी हा तोटा बागवानास भरून काढता येत नाही. त्यास करता येते ते एवढेच, की तुऱ्यांची संख्या वाढवावी आणि हंगाम लांबेल अशा लवकर व उशिरा फुलणाऱ्या जाती शेजारी-शेजारी लावाव्यात. हिवाळ्यात वाळलेले दांडेही आता जाणते लोक कापीत नाहीत. त्या दांड्यांवर सुपारीएवढ्या गाठी दिसतात. प्रत्येक गाठीत एका माशीची अळी असते. शरीरातील पाणी गोठले तरी ती मरत नाही, असा तिचा देह आहे. बर्फात पोटासाठी हिंडणारे छोटे पक्षी आणि सुतार पक्षी चोचीने गाठ फोडून काही अळ्या खातात. उरलेल्या वसंतात माश्या होऊन बाहेर पडतात, आणि तोवर त्याच झाडाच्या बुंध्याशी नवे हिरवे कोंब वर आलेले असतात.